दुसऱ्या देशाच्या लीगमध्ये गेल्यावर चांगले फुटबॉलपटू फ्लॉप का होतात? क्लबने त्यांना किती वेळ द्यावा?

"खरा खेळाडू कुठेही खेळतो. नाही खेळला तर समजायचं, मुळातच दम नव्हता." हे आमच्या दाजींचं मत. त्यावरून आमचं इतक्या वर्षांत इतक्या वेळा वाजलंय की तुमचा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवेना.

वाद सुरू झाला दिएगो फोर्लानवरून. हा उरुग्वेचा स्ट्रायकर, म्हणजे गोल मारणं हेच काम. जानेवारी २००२ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला अर्जेंटिनाच्या इंदिपेंदिएंतेकडून आणला. घरात युनायटेडवाले आम्ही दोघंच, त्यामुळे सामने एकत्र बघणं भाग होतं. फोर्लान बरेचदा बदली म्हणून यायचा, जीव तोडून पळायचा आणि गोल काही व्हायचा नाही. हंगाम संपला तरी पाटी कोरी. तो वॉर्मअपला उठला की इकडे दाजी पाणी प्यायला उठायचे. "हा येतोय ना, मग माझं काही चुकत नाही." शेवटी सप्टेंबरमध्ये मक्काबी हैफाविरुद्ध बेकहॅमने पेनल्टी त्याला घेऊ दिली आणि २७व्या सामन्यात पठ्ठ्याचा पहिला गोल झाला. दाजी म्हणाले, "दान मिळालं."

नोव्हेंबरात साउदॅम्प्टनविरुद्ध त्याने अगदी शेवटी विजयी गोल मारला. आनंदाच्या भरात शर्ट काढला, तो परत अंगात चढेना. तेवढ्यात खेळ सुरू झाला आणि हा उघडाबंब, शर्ट हातात धरून बॉलमागे धावतोय! दाजी हसून हसून लोळले. हसलो मीही. पण इतके महिने आत तुंबलेलं एकदम बाहेर पडलं की माणूस असाच वागणार, हे त्यांना पटवून द्यायच्या भानगडीत मी पडलो नाही.

२००४ मध्ये युनायटेडने त्याला विकला. हिशेब: लीगचे ६३ सामने, १० गोल. दाजींनी फाइल बंद केली. तो गेला स्पेनमध्ये व्हियारेआलला आणि पहिल्याच हंगामात २५ गोल करून ला लीगात अव्वल. युरोपातल्या लीगमधल्या गोलांसाठी मिळणारा गोल्डन शूही मिळाला, आर्सेनलच्या ऑन्रीबरोबर विभागून. पुढे अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून २००८-०९ मध्ये ३२ गोल. २०१०च्या वर्ल्ड कपमध्ये गोल्डन बॉल, म्हणजे स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. मग मँचेस्टरमध्ये असताना त्याचा दम काय कस्टमवाल्यांनी अडकवून ठेवला होता?

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती बुटांची भानगड. युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसनचं म्हणणं, इथल्या ओल्या मैदानांवर लांब स्टडचे (तळाला घट्ट रोवणाऱ्या खुंट्यांचे) बूट घाल. फोर्लानला सवय आखूड स्टडची. चेल्सीविरुद्धच्या सामन्यात त्याने आपलेच बूट घातले, नेमका गोलसमोर पाय घसरला आणि संधी गेली. फर्ग्युसनने ते बूट उचलून भिरकावले. हे फोर्लाननेच नंतर सांगितलंय. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण स्ट्रायकरचं सगळं काम अर्ध्या सेकंदाचं. बॉल गवतावरून किती सरकेल, पाय कुठे रोवायचा, मागचा डिफेंडर कधी अंगावर येईल, हे त्याला विचार करून ठरवता येत नाही. ते अंगात मुरलेलं असतं. देश बदलला की मैदान बदलतं, वेग बदलतो, रेफरी किती धक्काबुक्की चालू देतो तेही बदलतं. नवीन अंगवळणी पडेपर्यंत बाहेरून एवढंच दिसतं, की हा प्रत्येक वेळी जरासा उशीर करतोय.

आणि खेळवतात कसं, तेही बघा. टिमो वेर्नरने लाइपझिगकडून २०१९-२०मध्ये बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या लीगमध्ये, २८ गोल केले. पुढच्या हंगामात इंग्लंडच्या चेल्सीकडून लीगमध्ये ६. वेग तोच होता. पण त्याचा खेळ बचावफळीच्या मागच्या मोकळ्या जागेत धावण्याचा, आणि चेल्सीसमोर कितीतरी संघ आपल्या बॉक्सपुढे ठाण मांडून बसायचे. मागे जागाच नाही तर धावणार कुठे? ऑन्रीला १९९९मध्ये इटलीच्या युव्हेंटसने कडेला खेळवला, लीगच्या १६ सामन्यांत ३ गोल. त्याच वर्षी वेंगरने त्याला आर्सेनलला नेऊन पुढे मधोमध खेळवायला सुरुवात केली. पुढे तिथेच त्याने गोलांचा धडाका लावला.

बरं, गोल होतायत म्हणजे माणूस रुळला, असंही नाही. इंग्लंडचा स्ट्रायकर जिमी ग्रीव्ह्ज १९६१मध्ये इटलीच्या मिलान क्लबला गेला. लीगच्या १२ सामन्यांत ९ गोल! तरी प्रशिक्षक रोक्कोची ती करडी शिस्त त्याला सोसवेना. डिसेंबरात तो इंग्लंडला परत, टॉटनहॅमने ९९,९९९ पौंड मोजून घेतला. युनायटेडकडून खेळणाऱ्या दी मारियाच्या मँचेस्टरजवळच्या घरी तर कुटुंब आत असताना चोर शिरायला बघत होते. त्यानंतर त्याने शनिवारी कोणत्या मनाने क्रॉस टाकायचे?

एवढ्या तावातावाने लिहितोय त्याला कारण आहे. मीही नोकरीसाठी बाहेर गेलो होतो आणि वर्षभरात परत आलो. काम तेच, जे आधी डोळे झाकून करायचो. पण तिथे मीटिंगमध्ये सगळे हसले की मी किंचित उशिरा हसायचो. साधा मेल पाठवायचा तरी तीन-तीनदा वाचायचो. परत आल्यावर दाजींनी पंगतीत सगळ्यांसमोर "आला आमचा फोर्लान" म्हणून स्वागत केलं, आणि तेच नाव मला चिकटलं. २०१०ला गोल्डन बॉल जाहीर झाल्यावर मी लगेच त्यांना फोन लावला. ताईने उचलला. म्हणाली, "झोपलेत." वर्ल्ड कप फायनलच्या रात्री!

असो. किती वेळ द्यावा? माझ्या मते पूर्ण दोन हंगाम, आणि जानेवारीत आलेल्याचा पहिला अर्धा हंगाम मोजूच नये. हंगामाआधीचा सराव (प्री-सीझन) मिळालेला नसतो, सोबतच्यांच्या सवयी माहीत नसतात. डिफेंडर एव्हरा जानेवारी २००६मध्ये युनायटेडला आला. पहिलाच सामना मँचेस्टर सिटीविरुद्ध, हाफ-टाइमलाच त्याला काढून घेतलं. पुढे त्याने पाच वेळा लीग जिंकली. मॉड्रिचला रेआल माद्रिदमधल्या पहिल्याच डिसेंबरात 'मार्का' या स्पॅनिश क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी सगळ्यात वाईट खरेदी ठरवलं होतं. २०१८चा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, कोणाचा ते शोधा.

आता हेही मान्य, की अपयशी झालेला प्रत्येक जण फोर्लान नसतो. शेवचेन्को २००६मध्ये मिलानहून चेल्सीत आला तेव्हा तिशीला टेकला होता. लीगच्या ४८ सामन्यांत ९ गोल. पण नंतर लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरता उसना, मिलानला, म्हणजे स्वतःच्या घरीच गेला, तर तिथेही लीगमध्ये एकसुद्धा गोल नाही. तिथे नव्या लीगला बोल लावण्यात अर्थ नाही. काही जण दुखापत घेऊनच येतात, काही निव्वळ पगारासाठी येतात, आणि अशांच्या बाबतीत दाजींचं म्हणणं मी ऐकून घेतो.

शिवाय दोन हंगाम थांबा म्हणणं मला सोपं आहे. क्लबमध्ये खेळाडू निवडणारा मॅनेजरच तेवढा टिकत नाही. डी ब्रॉयनला चेल्सीने जानेवारी २०१२मध्ये घेतलं तेव्हा मॅनेजर होता व्हिलास-बोआस. जानेवारी २०१४मध्ये व्हॉल्फ्सबुर्गला विकलं तेव्हा मॉरिन्यो. मधल्या मध्ये आणखी दोघे येऊन गेले होते.