धूर, धुरा आणि धुरी

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी पुण्यात वाढते आहे. दिवाळीत आम्ही गावी, वसमतजवळ, गेलो होतो. आजोबा म्हणाले, "जरा धुऱ्यावरून जाऊन येतो," तर ती घाबरून विचारते, "कुठं आग लागली?" सगळे हसले, पण तिला नीट उत्तर मला देता आलं नाही. धूर, धुरा, धुरी, धूप हे एकाच घरातले शब्द का? आणि धूमपान बरोबर की धूम्रपान?

उत्तर : लेकराला हसायला नको होतं. कान चांगला आहे तिचा.

शब्द सारखे वाटले की त्यांना विभक्ती लावून बघा, असं मी परभणीच्या शाळेत मुलांना सांगत आले. चुलीतला धूर : धुराचा, धुराला. शेताचा धुरा, म्हणजे बांध, हा पुल्लिंगी : धुऱ्याचा, धुऱ्यावर, अनेक झाले की धुरे. आणि घराची, पक्षाची सांभाळतात ती धुरा स्त्रीलिंगी : धुरेचा, धुरेला. ही संस्कृतातल्या 'धुर्' म्हणजे जू, त्यावरून आली. धुरंधर, धुरीण तिच्याच नात्यातले. आजोबांच्या बोलण्यातला 'ऱ्या' नीट ऐकला की आगीची भीती राहत नाही. लिहिताना मात्र जपा : धूर दीर्घ, धुराचा ऱ्हस्व. दूध, दुधाचा, तसंच.

धूप दोन आहेत. देवापुढे जळतो तो धूप, पावसात होते ती जमिनीची धूप. पहिला सुगंधी धुराचा. दुसरी पाण्यानं माती धुपून जाते त्याची. धुपाटणं पहिल्याचं, तेल गेलं तूप गेलं तरी हाती राहिलेलं. 'परफ्यूम' हा शब्दसुद्धा लॅटिनमधल्या 'धुरातून' या अर्थाच्या शब्दांवरून आला, आणि त्यातला 'फ्यूम' म्हणजे लॅटिन 'फूमुस' हा आपल्या 'धूम'चा सख्खा भाऊबंद.

धुरी मात्र मला डोळ्यांसमोर दिसते. माझ्या बहिणीच्या बाळंतपणात आजी शेगडीत गोवरीचे निखारे घ्यायची, त्यावर ओवा, वेखंड, लसणाची सालं टाकायची. वर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर बाळाची दुपटी पसरायची. दहा मिनिटांनी दुपटं उचललं की उबदार, ओव्याच्या वासाचं. धूर उगीच होतो, कचऱ्याचाही होतो. धुरी कुणीतरी कुणासाठी देतं. एका वेलांटीत एवढा फरक आहे. दुपट्यांपर्यंत ठीक, पण बाळाला धुरात धरू नये. त्याच्या श्वासाला त्रास होतो असं डॉक्टर सांगतात, आणि मी त्यांच्याच बाजूची आहे.

धूमपान की धूम्रपान? धूम म्हणजे धूर, धूम्र म्हणजे धुराच्या रंगाचा. तेव्हा शब्द काटेकोर हवा तर धूमपान. चरकसंहितेत धूमपान आहेच, औषधी वातीचं. तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर, त्यानंतर कितीतरी शतकांनी आली. पण धूम्रपान आता पाट्यांवर आणि तोंडात रुळलंय, त्याला चूक म्हणून खोडू नये. आपल्याकडची म्हातारी माणसं 'बिडी पितो' म्हणतात, त्यात 'पान' जसंच्या तसं आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी दोन वाक्प्रचार मुलीला सांगा. एखाद्या घरात सोन्याचा धूर निघत होता असं म्हणतात. देवगिरीच्या यादवांबद्दलही लोक हेच बोलतात, आणि 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी तिथून केवढी संपत्ती घेऊन गेला हे पाहिलं तर ते बोलणं पोकळ वाटत नाही. दुसरा, डोळ्यांवर धूर येणं. रस्त्यात जमीन गेली, एकदम पैसा आला आणि माणूस सोयऱ्याधायऱ्यांना ओळखेना, की म्हणतात, "डोळ्यांवर धूर आलाय त्याच्या." धुरात डोळे चुरचुरतात, समोरचं माणूस दिसत नाही. पऱ्हाटी आणि ओल्या तुराट्यांवर स्वयंपाक केलेल्या बाईनंच हा शब्दप्रयोग घडवला असणार, असं मला मनापासून वाटतं.

आता मुलीच्या प्रश्नाकडे. उन्हाळ्यात आपल्याकडे पेरणीआधी वाळलं गवत जाळायला बांध पेटवतात. ती चैत्र-वैशाखात आली असती, तर तिनं विचारलेलं खरंही ठरलं असतं. तिला हे एक वाक्य वहीत लिहायला सांगा, तिन्ही शब्द आपापल्या जागी बसतील : धुरे पेटवले की धूर निघतो, आणि गवत जळाल्यामुळे पहिल्याच पावसात धुऱ्याची धूप होते. लिहून झालं की आजोबांना वाचून दाखवायला सांगा. बांध पेटवायचा की नाही, हे ते दोघं ठरवतील.