लोकेशन गेम: पहिल्या महिन्यात एवढंच सांभाळा

सोशल मीडियावरच्या पोस्ट वापरून नाशिकमध्ये ठिकाणोठिकाणी फिरत खेळायच्या मोबाइल गेमची तुमची कल्पना छान आहे, पण पूर्ण नाशिक घेऊ नका. पंचवटी पुरे: रामकुंड, काळाराम मंदिर, सीतागुंफा, अशी चालत होणारी पाच-सहा ठिकाणं. आधी कागदी नकाशावर खेळून बघा. तिथे मजा आली नाही तर कोडिंगने येणार नाही.

एपीआयवरून (म्हणजे सोशल मीडिया साइट प्रोग्रामला डेटा देते त्या मार्गाने) थेट डेटा ओढायच्या मागे लागू नका. ट्विटरने अचूक जिओटॅग (पोस्टला जोडलेलं नेमकं ठिकाण) २०१९ मध्येच काढला. इन्स्टाग्रामवरचा टॅग तर माणूस स्वतः निवडतो. दूर सिडको भागात घरी बसूनही "रामकुंड" लावता येतं. म्हणून ५० सार्वजनिक पोस्टची सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) हातानेच करा: ठिकाण, तारीख, वेळ, विषय. युजरनेम अजिबात नको, कुणाचं घर ओळखू येईल असंही काही नको.

हमखास होणाऱ्या चुका:
- अक्षांश-रेखांशाची अदलाबदल. जिओजेसनमध्ये (नकाशावरची ठिकाणं साठवायच्या फाइलमध्ये) रेखांश आधी लिहितात. उलटं झालं की आपलं नाशिक (अक्षांश २०.०, रेखांश ७३.८) थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसतं!
- चेक-इनची त्रिज्या (ठिकाणापासून किती अंतरात आलं की खेळाडू पोहोचला असं धरायचं) ५ मीटर ठेवणं. मोकळ्या मैदानात ठीक. जुन्या नाशकातल्या गल्ल्यांत जीपीएसचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. ४० ठेवा, मग जागेवर जाऊन कमी करा.

लीडरबोर्ड (गुणांची यादी) आणि एआर (कॅमेऱ्यातल्या दृश्यावर गेमची चित्रं दाखवणं) नंतर बघू.