दोन संगणकांच्या शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना संगणक आणि ऑनलाइन सुरक्षितता कशी शिकवावी?

आपण विचारले आहे की, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग आपल्याकडे आहे, शाळेत संगणक दोनच आहेत, इंटरनेट असले तर असते, आणि तरीही मुलांना संगणक व ऑनलाइन सुरक्षितता हे दोन्ही शिकवायचे आहे. तर यातले आधी काय घ्यावे? मीही बरीच वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवत आलो आहे आणि माझे स्पष्ट मत असे आहे की हे दोन विषय वेगळे करूच नयेत. यंत्र सांगितलेले कसे पाळते आणि पाठवलेली गोष्ट कुठे जाते हे ज्या मुलाला कळले, त्याला सुरक्षिततेचे निम्मे नियम सांगावेच लागत नाहीत. ज्याला ते कळलेले नाही, त्याच्यासाठी ‘हे करू नका, ते करू नका’ ही यादी फळ्यावरच्या सुविचारासारखी होते. रोज समोर असते आणि कोणी वाचत नाही. इंग्लंडमध्ये २०१४ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमातही पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी क्रमवार सूचना म्हणजे काय, स्वतःची माहिती कशी जपावी आणि काही खटकले तर कोणाकडे जावे, हे सारे एकाच विषयात ठेवलेले आहे.

सुरुवात यंत्राशिवाय करा. पटांगणात खडूने चौकटी आखून एका मुलाला यंत्रमानव करा आणि बाकीच्यांनी त्याला फक्त शब्दांनी कोपऱ्यातल्या दगडापर्यंत न्यायचे, असे ठरवा. ‘पुढे जा’ एवढेच कोणी म्हटले, तर तो भिंतीला टेकेपर्यंत चालत राहतो, कारण किती घरे हे सांगितलेलेच नसते. मग कोणीतरी ‘तीन घरे पुढे, डावीकडे वळ’ असे म्हणते, तो वळतो आणि तिथेच उभा राहतो; वळल्यानंतर पुढे जायला सांगायचे राहून गेले, हे मुलेच एकमेकांना ओरडून सांगतात. चूक यंत्रमानवाची नव्हती, सूचनेत होती, हे त्या वयात इतक्या सहज दुसऱ्या कशाने कळत नाही. न्यूझीलंडच्या कॅन्टरबरी विद्यापीठातील टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून अशा संगणकाविना करायच्या कृती रचल्या. त्यातली ठिपक्यांच्या पाच कार्डांची कृती चौथीला जरूर घ्या. १६, ८, ४, २ आणि १ ठिपके असलेली कार्डे पाच मुलांच्या हातात द्या आणि संख्या सांगा; नऊ म्हटले की आठवाला व एकवाला कार्ड दाखवतात, बाकीचे पालथे धरतात. शून्यापासून ३१ पर्यंतची प्रत्येक संख्या अशी तयार होते, आणि संगणकही संख्या अशाच दोन खुणांत साठवतो.

प्रत्यक्ष संगणकावर जोड्या करा: माऊस एकाच्या हातात आणि काय करायचे ते सांगणारा दुसरा. सांगणाऱ्याने माऊसला हात लावायचा नाही, आणि थोड्या वेळाने जागा बदलायच्या. मॉनिटर, सीपीयू, कीबोर्ड यांच्या व्याख्या पाठ करून घेण्यात वेळ घालवू नका. मराठी टंकलेखन मात्र लवकर सुरू करा. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकावर स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला असतात, त्यामुळे बाराखडी येणारे मूल आधी क, मग काना असे स्वतःच जुळवत जाते आणि स्वतःचे नाव पडद्यावर उमटलेले पाहून त्याला जो आनंद होतो, त्यावर पुढचे कितीतरी तास निघतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कोडिंगचा उल्लेख सहावीपासूनच्या टप्प्यासाठी आहे, म्हणून तिसरी-चौथीत त्याची घाई नको. पण वेळ उरला तर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने २००७ मध्ये खुले केलेले स्क्रॅच, म्हणजे सूचनांचे ठोकळे जोडून कोडिंग करायचे सॉफ्टवेअर, इंटरनेटशिवायही चालते, ते संगणकावर उतरवून ठेवा.

आता सुरक्षितता. एका मुलाला चिठ्ठीवर छोटे चित्र काढायला सांगा. शेजाऱ्याने ते आपल्या वहीत उतरवून चिठ्ठी पुढे द्यायची, त्याच्या शेजाऱ्यानेही तसेच करायचे, असे करत ती वर्गभर फिरू द्या. शेवटी मूळ चिठ्ठी त्या मुलाकडे परत द्या आणि फाडायला सांगा. मग विचारा, चित्र गेले का? सगळ्या वह्यांमध्ये ते असते आणि फाडणारा इकडेतिकडे पाहत राहतो. पाठवलेला फोटो आपल्या फोनमधून पुसला तरी दुसऱ्याच्या फोनमधून जातोच असे नाही, हे यानंतर एका वाक्यात सांगता येते. त्याला जोडूनच बोला: गणवेशावरच्या बिल्ल्यात शाळेचे नाव दिसते, ‘आज घरी कोणी नाही’ हा निरोपही माहितीच असतो. आणि इथे आपणा शिक्षकांनाही एक पथ्य पाळावे लागेल. स्नेहसंमेलनाचे फोटो पालकांना न विचारता सगळीकडे टाकणाऱ्या शाळेने मुलांना खासगीपणा शिकवू नये, असे मला मनापासून वाटते.

पासवर्ड गणिताच्या तासाला घ्या. चार अंकी पिनच्या ० ते ९९९९ अशा १०,००० शक्यता असतात आणि सहा अंकी पिनच्या १० लाख, हे चौथीची मुले स्वतः काढू शकतात. मग जन्मसाल पिन म्हणून ठेवले तर त्या दहा हजारांतल्या किती उरतात, हा प्रश्न टाका.

आपल्या मुलांचा खरा संगणक म्हणजे घरातला एकुलता एक फोन आहे आणि तो वडिलांच्या नावावर असतो. त्यामुळे ॲपला वाटते की पडद्यासमोर प्रौढ माणूस आहे आणि व्हिडिओ व जाहिराती त्याच हिशोबाने येतात. पालकसभेत फोनवर मुलासाठी वेगळे प्रोफाइल कसे करायचे, हे प्रत्यक्ष करून दाखवा. पत्रक वाटून ते होत नाही. इन्स्टाग्रामसाठी किमान वय १३ आहे आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून पालकांच्या संमतीची अट घातलेली आहे, हेही तिथेच सांगा. अनेक घरांत आजी-आजोबांना आलेले मेसेज हीच मुले वाचून दाखवतात, म्हणून ओटीपी कोणालाही सांगायचा नाही आणि यूपीआयवर पैसे मिळण्यासाठी पिन लागत नाही, तो पैसे देतानाच लागतो, एवढे त्यांना पक्के यायला हवे. घराला फसवणुकीपासून वाचवणारे पहिले माणूस असे मूलच ठरू शकते.

सर्वांत जास्त वेळ मात्र एका गोष्टीला द्या. काहीतरी विचित्र दिसले किंवा अनोळखी माणसाने फोटो मागितला, तरी मूल गप्प बसते, कारण सांगितले तर फोन काढून घेतील ही त्याची भीती असते आणि ती बहुतेक वेळा खरी असते. पालकसभेत प्रत्येक पालकाकडून एवढे कबूल करून घ्या की मुलाने येऊन सांगितले तर त्या दिवशी रागावणार नाही आणि फोनही हिसकावणार नाही. वर्गात आपणही तसेच वागा.

मुलाने खरोखर काही सांगितलेच, तर मेसेज पुसू नका, समोरच्या क्रमांकावर स्वतः फोन करू नका आणि मुलाचा आक्षेपार्ह फोटो पुरावा म्हणूनसुद्धा कोणाला पुढे पाठवू नका. पैशांची फसवणूक असेल तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे, मूल संकटात असेल तर १०९८ या बालक मदत क्रमांकावर. लैंगिक स्वरूपाचा प्रकार असेल तर मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार माहिती मिळालेल्या व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शाळेची बदनामी होईल म्हणून ते आपसात मिटवण्याचा सल्ला कोणी दिला, तरी तो ऐकू नका. मुख्याध्यापकांशी याबद्दल आताच, काही घडण्याआधी बोलून ठेवा आणि दोन्ही क्रमांक वर्गाच्या दारामागे मुलांच्या उंचीवर लिहून टाका.