हिमयुगाच्या वेळी गाड्या होत्या का?

प्रश्न: ताई, मांद्र्याला आमचं छोटं गेस्ट हाऊस आहे. क्लायमेट चेंज माणसामुळे होतं हे मला काही पटत नाही, हिमयुगं आली नि गेली, तेव्हा कुठे गाड्या होत्या? सूर्यच जास्त तापत असेल. दुसरं म्हणजे आमच्या किनाऱ्यावरची वाळू दर पावसात जाते, आता वाड्यावरचे लोक दगडी भिंत मागायला निवेदन घेऊन फिरतायत, सही करू का? आणि पुढे टुरिस्ट यायचे कमी होतील का?
— एक वाचक, पेडणे तालुका, गोवा

उत्तर: दादा, शंका घेतलीत ते बरं केलंत, कारण हाच प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात असतो पण विचारत कोणी नाही.

हिमयुगं खरीच आहेत. पृथ्वीची कक्षा नि आसाचा कल थोडाथोडा बदलतो त्यामुळे ती येतात-जातात, पण त्या बदलाला हजारो वर्षं लागतात, आणि आता जे चाललंय ते आपल्या आजोबांपासून आपल्यापर्यंतच्या काळातलं आहे. सूर्याचं म्हणाल तर 1978 पासून उपग्रह त्याची ऊर्जा मोजतायत, ती वाढत गेलेली नाही. शिवाय सूर्यामुळे तापत असतं तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं ना? इथे खालची हवा तापतेय नि वरचा थर, म्हणजे स्ट्रॅटोस्फिअर, थंड होतोय. खालची उष्णता अडकून पडली की असंच होतं, मला तर हा पुरावा सगळ्यात पटण्यासारखा वाटतो. कारखाने यायच्या आधी हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखात 280 भाग होता, आता 420 च्या वर गेलाय, आणि तो कोळसा-तेल जाळून आलाय हेही कळतं, कारण लाखो वर्षं जमिनीत गाडलेल्या कार्बनमध्ये कार्बन-14, म्हणजे काळाबरोबर आपोआप संपत जाणारा कार्बनचा प्रकार, उरलेलाच नसतो, त्यामुळे हवेतलं त्याचं प्रमाण पातळ होत जातं.

आता वाळूचं. इथे मात्र सगळं क्लायमेट चेंजवर ढकलू नका. पावसात वाळू समुद्रात जाणं नि नंतर लाटांनी ती परत आणून टाकणं हे आपल्या किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलंय. समुद्राची पातळी 1901 पासून जगभरात सरासरी 20 सेंटीमीटरच्या आसपास वाढलीय, अरबी समुद्र तापलाय नि वादळांना जोर येतोय, हे खरं. 2017 च्या डिसेंबरात, ऐन सीझनमध्ये, ओखी चक्रीवादळाच्या वेळी पाणी किनाऱ्यावरच्या शॅकांत घुसलं, 2021 च्या मे मध्ये तौक्ते आलं. पण लाट आली की ती पहिली अंगावर घेतात त्या वाळूच्या टेकड्या, मर्यादवेल नि केवडा ज्यांना धरून ठेवतो त्या. व्ह्यू पाहिजे म्हणून त्या जेसीबीने सपाट केल्या तर परत यायला वाळू थांबणार कुठे? सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या, नियमात या टेकड्यांना संरक्षण आहे, तरी त्या कापल्या जातात याचा मला फार राग येतो. आणि ते कापणारे आपलेच लोक असतात.

टुरिस्ट एकदम बंद होतील असं मला वाटत नाही, सीझन मात्र सरकेल. मार्च 2023 मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे गोव्यात शाळा दुपारी 12 ला सोडाव्या लागल्या होत्या, अशा दुपारी किनाऱ्यावर कोण बसणार? एप्रिल-मेच्या बुकिंगवर सगळं वर्ष टाकू नका, खोल्यांवर सावली करा, विहिरीचं पाणी जपा. मोरजी-मांद्र्याला कासवं अंडी घालायला येतात, लोक ती बघायला येतात, पण वाळू जास्त तापली की पिल्लांत माद्याच जास्त निघतात, आणि असंच चालू राहिलं तर पुढे नर कुठून येणार? आणि हेही सांगायला पाहिजे की जगातल्या एकूण उत्सर्जनात पर्यटनाचाच वाटा सुमारे 8 टक्के धरतात, त्यात विमानांचा मोठा हात आहे, म्हणजे मोपा विमानतळावर उतरणारं आपलं गिऱ्हाईकही त्यात आलं. म्हणून धंदा बंद करा असं मी म्हणणार नाही, पण दोन रात्रींऐवजी आठवडाभर राहणाऱ्याला दर कमी लावलात तर तेवढ्याच खोल्या भरायला विमानं कमी लागतील, नि तुमचाही धुलाई-चादरींचा खर्च वाचेल.

भिंतीच्या कागदावर एवढ्यात सही करू नका. दगडी भिंतीवर आपटलेली लाट परतताना समोरची वाळू ओढून नेते, नि भिंत संपते तिथे शेजाऱ्याची जमीन जास्त खचते. आधी ग्रामसभेत मागणी करा की दोनापावलच्या एनआयओसारख्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) संस्थेकडून किनारा मोजून घ्या, टेकड्यांवर कुंपण घाला नि मर्यादवेल परत लावा. निवेदनात यातलं काही लिहिलेलं असेल तर सही जरूर करा.