देवाआधी मावशींचं ताट

प्रिय चिऊ,

नाशिकहून डब्लिनला परतताना विमानात तू एक प्रश्न विचारलास आणि मी "झोप आता" म्हणून तुला गप्प केलं. गणपतीला नैवेद्य दाखवायच्या आधीच आजीनं पाच मोदक वेगळ्या ताटात काढून झाकून ठेवले, शेजारच्या मावशींसाठी. तू म्हणालीस, "देवाच्या आधी मावशी? मला तर चाखूसुद्धा दिलं नाही!"

ते मोदक मावशींनीही आधी खाल्ले नव्हते. आरती झाली, आपण जेवायला बसलो, तेव्हाच ताट पलीकडे गेलं. फक्त ते देवापुढे ठेवलेलं नव्हतं. मावशी ख्रिस्ती आहेत, आणि मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न त्यांना चालत नाही. सगळ्याच ख्रिस्ती घरांत असं असतं असं नाही, पण त्यांच्या घरात आहे.

आजीला हे कळलं ते भांडणातून. भांडण म्हणण्याइतकं काही झालंच नव्हतं, म्हणून तर ते लांबलं. मी तिसरीत असेन. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आजीनं सवयीनं मावशींच्या कपाळालाही कुंकू लावलं. त्या काही बोलल्या नाहीत. जिन्यात त्यांनी ते पदरानं पुसलं आणि आजीनं ते पाहिलं. पंधरा दिवस दोन्ही दारं लोटलेली. मग मावशीच आल्या. "वहिनी, तिळगूळ द्या, कुंकू नको. राग नाही माझा, पण आमच्यात ते चालत नाही."

मावशी शाळेत शिकवायच्या, म्हणून आजी त्यांना बाई म्हणते. ती म्हणाली, "अहो बाई, मग अजून काय काय चालत नाही ते एकदाच सांगून टाका."

चहा दोनदा झाला. यादी दोन्हीकडून झाली, कारण आजीचं सोवळंओवळं काही कमी नव्हतं! तेव्हापासून मोदकांचं ताट वेगळं, आणि नाताळात करंज्यांबरोबर येणारा आजीचा केक बिनअंड्याचा, वेगळ्या भांड्यात भाजलेला. २०२० साली नाताळच्याच दिवशी मोक्षदा एकादशी आली. कोरोनामुळे कुणी कुणाकडे जात नव्हतं. मावशींनी दाराशी डबा ठेवून बेल वाजवली. आत राजगिऱ्याचे लाडू, आणि चिठ्ठी: "केक उद्या."

आपला रस्ता शरणपूर रोड. शरणपूर ही एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेली वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहायची, शिकायची. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेल्या संशोधक लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर १८७४ मध्ये लंडनपर्यंत गेला. ही गोष्ट मावशी मला गच्चीत पापड राखताना सांगायच्या. तू त्यांच्याकडूनच ऐक, माझ्याकडून ती निम्मीच येते.

मावशी सकाळी नारायण वामन टिळकांची भजनं गुणगुणतात. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण म्हणायचे की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. अभंगाची चाल भिंतीपलीकडून ऐकू आली की आजी पोळ्या लाटता लाटता मान डोलावते. टिळकांच्या लक्ष्मीबाई तर आपल्या नाशिकजवळच्या, जलालपूरच्या. नवऱ्यानं धर्म बदलला तरी त्यांनी लगेच बदलला नाही. बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, स्वतःला पटल्यावर. मावशींना त्यांचं फार कौतुक. "घाई नाही केली बघ बाईनं," म्हणतात.

आता एक गंमत. माझ्या बारावीच्या परीक्षेआधी आजी नाशिक रोडला बाळ येशूच्या यात्रेला जाऊन मेणबत्ती लावून आली. तिथे फेब्रुवारीत मोठी गर्दी लोटते, हिंदूही पुष्कळ असतात. आजीला वाटलं, बाई खूश होतील. पण बाळ येशू कॅथलिकांचा, आणि मावशी प्रोटेस्टंट. मूर्तीपुढे मेणबत्ती हे त्यांना कुंकवाइतकंच परकं! त्या जरा थांबून म्हणाल्या, "वहिनी, मेणबत्ती ठीक आहे, पण पोरीला गणिताला बसवा. मी घेते तिचा अभ्यास." गणितात मला किती पडले ते तुला सांगणार नाही. आजी अजून श्रेय मेणबत्तीला देते, मावशी स्वतःला.

तुझा दुसरा प्रश्न, देवाला राग येत नाही का? हेच मी लहानपणी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, "देवाला एकवीस आहेत की. पाचांसाठी कशाला रुसेल?" याहून मोठं उत्तर माझ्याकडे नाही.

आणि हो, मावशींनी चिवडा भरून दिलेला स्टीलचा डबा आपल्याकडेच आहे. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. डिसेंबरात जाऊ तेव्हा त्यात काय घालायचं ते तू ठरव. बेसनाचे लाडू करणार असशील तर तूप आणून ठेवते, पण बेसन तूच भाजायचं.

तुझी,
आई