स्वस्त ‘नॅचरल कोक’ आणि कपोला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पन्हाळ्याजवळ विहीर खोदताना काळा, भोकाभोकांचा दगड लागला. नैसर्गिक कोक (जमिनीतच हवेविना भाजलेला कोळसा) असेल का?
उत्तर : नाही, तो बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा खडक. भोकांतले पांढरे खडे बहुधा झिओलाइटचे किंवा कॅल्साइटचे.

प्रश्न : कोळशाच्या खाणीला आग लागून नैसर्गिक कोक होतो असे ऐकले. खरे का?
उत्तर : सहसा नाही. आगीला हवा मिळाली की कोळसा जळतो आणि राख उरते. नैसर्गिक कोक बहुधा तप्त शिलारस कोळशाच्या थरात घुसल्यावर होतो. मग कोळसा हवेविना भाजतो, वायू निघून जातात आणि कठीण, करडा झामा उरतो. झरिया-राणीगंज या झारखंड-बंगालच्या कोळसा भागात त्याला झामाच म्हणतात. शिलारसाच्या भिंतीला काटकोनात त्याचे छोटे बहुकोनी खांब सुटलेले दिसतात. उभी डाइक (थर कापत गेलेली शिलारसाची थिजलेली भिंत) असेल तर बिघडलेला पट्टा अरुंद असतो. सिल (शिलारसाची आडवी चादर) थरालगत पसरली तर मोठा भाग हातचा जातो.

प्रश्न : खाणीत झामा लागला की काम अवघड का होते?
उत्तर : डाइकचा दगड कोळशाच्या मानाने फार टणक, छताला भेगा, आणि त्यांतून पाणी येऊ शकते. म्हणून पुढे बोअर घेऊन पाहतात. आधार किती द्यायचा हे खाण व्यवस्थापकाने आणि भूवैज्ञानिकाने ठरवायचे.

प्रश्न : शिरोलीत आमची छोटी फौंड्री आहे. झरियाकडचा ‘नॅचरल कोक’ स्वस्तात मिळतोय. कपोलात (कोक जाळून लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीत) घालू का?
उत्तर : रिपोर्ट हातात येईपर्यंत नको. ‘नॅचरल’ ही प्रत नव्हे, खडकाची ओळख आहे. चांगल्या फौंड्री कोकात राख १२ टक्क्यांच्या आसपास असते. झाम्यात मूळ कोळशाची राख तर राहतेच, शिवाय भेगांत कॅल्साइट भरलेले असते. तापून त्याचे विघटन होताना ते उष्णता खाते, तुकडे तडकतात, चुरा होतो, हवा अडते आणि धातू थंड उतरतो. मग दोष ब्लोअरला! राख वाढली की ती वितळवायला चुनखडी वाढवा, स्लॅग (वितळलेली मळी) वाढतो, तो वितळवायला पुन्हा कोक. स्वस्ताई इथेच संपते.

विक्रेता ‘व्होलाटाइल (तापवल्यावर वायू होऊन उडणारा भाग) कमी’ एवढाच आकडा पुढे करतो. तो अँथ्रासाइट या कठीण कोळशातही कमीच असतो. त्यावरून कोकाची ताकद कळत नाही. पांढऱ्या शिरेवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फेस आला तर कॅल्साइट आहे असे समजा. ट्रक उतरवतानाच वरून, मधून, तळातून नमुना घ्या. तो फोडून, मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा. पुरेसा लहान होईपर्यंत हेच करा. प्रयोगशाळेत ओलावा, राख, व्होलाटाइल आणि गंधक तपासून घ्या. तुकडा कपोलाच्या आतल्या व्यासाच्या साधारण दहाव्या भागाइतका हवा. मिसळायचेच असेल तर बेडला (कपोलाच्या तळातल्या कोकच्या थराला) हात लावण्यापूर्वी धातुतज्ज्ञाला विचारा. मोठी ऑर्डर देऊन मग विचारणारे दर महिन्याला भेटतात.

प्रश्न : पाणी मारून कोकाचे वजन वाढवतात का?
उत्तर : वाढवता येते. सच्छिद्र कोक पाणी धरतो. वजनकाट्यावर असतानाच नमुना हवाबंद पिशवीत घाला आणि पैसे कोरड्या वजनावर ठरवा.