सूचनांची यादी लावताना

इंदूर

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मराठी कीबोर्डसाठी सूचना येऊ लागल्या आहेत, तर आधी त्या एका जागी आण. व्हॉट्सॲपवर, फोनवर, मंडळाच्या कार्यक्रमात कुणी काही बोललं, की त्याच दिवशी गिटहबवर, म्हणजे तुझा कोड जिथे ठेवलाय त्या साइटवर, इश्यू, म्हणजे त्या मागणीची किंवा तक्रारीची नोंद टाक. एका इश्यूत एकच मागणी. बोलणाऱ्याचं नाव-नंबर तिथे नको, ते पान सगळ्या जगाला दिसतं.

लोक उपाय सांगतात. अडचण तुला विचारून काढावी लागते. 'ऱ्यसाठी वेगळं बटण द्या' असं कुणी म्हणालं, तर विचार, कोणता शब्द लिहीत होता आणि उमटलं काय? 'दुसऱ्या' लिहायचं होतं, 'दुसर्या' झालं. साध्या 'र'नंतर हलन्त आणि 'य' आला, की रफार वर चढणारच. 'र' दाबून धरल्यावर खाली टिंब असलेला 'ऱ' मिळाला, की 'वऱ्हाड', 'कऱ्हाड'ही सुटतात आणि नवं बटण लागत नाही. अक्षरं बरोबर क्रमाने जाऊनही जोडाक्षर मोडत असेल, तर कीबोर्डात काही करू नकोस. बहुधा तो दोष फॉन्टचा, तक्रार तिकडे पाठव.

क्रम लावताना इश्यूवर पसंती म्हणून दिलेले नुसते अंगठे मोजू नकोस. गिटहबवर २०१६पासून ती सोय आहे, त्यावरून यादीही लावता येते. पण अंगठा देणार खातं असलेला माणूस, म्हणजे बहुतेक प्रोग्रामरच. रामबागेतल्या निवृत्त बाई त्यात कुठे? इंदुरात तर एकाच निरोपात मराठी-हिंदी दोन्ही चालतं. हिंदीतल्या नुक्त्याच्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या 'ड़'ची मागणी तोंडी दहादा ऐकशील, इश्यूवर अंगठे दोनच दिसतील. तोंडी आलेल्यांची नोंदही त्याच इश्यूत करत जा.

लिहिलेला मजकूर पुसणारा दोष सगळ्यांत आधी. मग रोजचं टायपिंग अडवणारं. रंग, थीम शेवटी. 'सेटिंगमध्ये पर्याय द्या' याला मात्र जपून हो म्हण. चालू-बंद असे ६ पर्याय झाले, की ६४ जुळण्या होतात, आणि तपासणारा तू एकटा. कुणी कोड लिहून दिला तरी हिशेब तोच. तो जातो, सांभाळायचं तुला.

नकार द्यायचा तर दोन ओळी कारण लिहून इश्यू बंद कर. 'बघू' म्हणून उघडा ठेवलास, तर कुणी ना कुणी तो उकरतच राहील. तीच मागणी पुन्हा आली, तर जुन्याचा क्रमांक देऊन नवा बंद कर, पण त्यातलं वेगळं उदाहरण आधी जुन्यात उतरवून घे.

कळावे.